लिव्हर-अ‍ॅक्शन रायफलीला जोडीचे रिव्हॉल्व्हर निवडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत स्थायिक झालेल्या माझ्या ओळखीच्या मराठी मंडळींपैकी काही जण आता नेमबाजीच्या मैदानावर नियमाने येतात. त्यांतल्या ज्यांनी लिव्हर-अ‍ॅक्शन रायफल (चापाजवळचा दांडा पुढे-मागे करून काडतूस बदलणारी) घेतली, त्यांचा पुढचा प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: हिच्या जोडीला रिव्हॉल्व्हर कोणते घ्यावे? मी स्वतः अनेक वर्षे अशी जोडी वापरतो आहे. फोनवर आणि मैदानावर जी उत्तरे पुन्हा पुन्हा द्यावी लागली, ती येथे एकत्र लिहिली आहेत.

रायफल आणि रिव्हॉल्व्हर एकाच काडतुसाचे असावे, ही कल्पना आली कुठून?

विंचेस्टर कंपनीने १८७३ साली आपली सर्वांत प्रसिद्ध रायफल काढली आणि तिच्यासाठी .४४-४० हे नवे काडतूस आणले. त्या नावातला पहिला आकडा गोळीचा ढोबळ व्यास सांगतो आणि दुसरा आकडा पुंगळीत (काडतुसाच्या धातूच्या कवचात) भरलेल्या काळ्या दारूचे वजन, म्हणजे ४० ग्रेन (एक ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम). गोळी २०० ग्रेनची होती. त्याच वर्षी अमेरिकी लष्कराने कोल्टचे सिंगल अ‍ॅक्शन आर्मी हे रिव्हॉल्व्हर स्वीकारले, पण ते .४५ कोल्ट या वेगळ्या काडतुसाचे होते. म्हणजे आज ज्यांची नावे एका दमात घेतली जातात, ती दोन्ही शस्त्रे जन्मली तेव्हा एकमेकांची काडतुसे वापरू शकत नव्हती.

ही अडचण कोल्टने १८७८ च्या सुमारास दूर केली. .४४-४० चे रिव्हॉल्व्हर ‘फ्रंटियर सिक्स-शूटर’ या नावाने बाजारात आले, आणि पुढे .३८-४० व .३२-२० या विंचेस्टरच्या काडतुसांचीही कोल्टे निघाली. ज्या गुराख्याला किंवा कुरणे राखणाऱ्याला जवळच्या दुकानापर्यंत दोन दिवसांची घोडदौड करावी लागे, त्याच्या दृष्टीने कमरेच्या एका पट्ट्यातली काडतुसे दोन्ही शस्त्रांत चालणे ही मोठीच सोय होती. कोल्टच्या सिंगल अ‍ॅक्शन आर्मीच्या पहिल्या पिढीत .४५ च्या खालोखाल सर्वाधिक नग .४४-४० चेच बनले, यावरून ही सोय किती लोकांना हवी होती ते कळते.

मग .४५ कोल्टची जुनी जोडी का सापडत नाही?

एकोणिसाव्या शतकात विंचेस्टरने .४५ कोल्टची लिव्हर-अ‍ॅक्शन रायफल बनवलीच नाही, आणि त्याचे मुख्य कारण पुंगळीच्या बुडाशी आहे. जुन्या .४५ कोल्टच्या पुंगळीचा काठ फारच अरुंद होता आणि काठाच्या पुढे खाच नव्हती. रिव्हॉल्व्हरला याचे काही वाटत नाही, कारण तेथे रिकामी पुंगळी पुढून दांड्याने मागे ढकलली जाते आणि काठ केवळ तिला आत घसरू देत नाही. रायफलीत मात्र एका लहान आकड्याने काठ पकडून पुंगळी मागे खेचावी लागते, आणि त्या आकड्याला पकडण्यासारखे तेथे पुरेसे काही नव्हते. आजच्या .४५ कोल्ट पुंगळ्यांना काठापुढे खाच असते, म्हणून आधुनिक रायफली या काडतुसात बनतात आणि उत्तम चालतात. केवळ ऐतिहासिक खरेपणासाठी जोडी घ्यायची असेल, तर .४४-४० घ्यावे.

आजच्या काळात एकच काडतूस ठेवण्याचा खरा फायदा काय?

रानात दोन दिवस दुकान नसण्याचा प्रश्न आज कोणाला पडत नाही. तरी फायदा आहे, आणि तो कपाटात व कामाच्या टेबलावर दिसतो. काडतुसांचा एकच साठा ठेवावा लागतो, स्वतः काडतुसे भरणाऱ्याला साच्यांचा एकच संच, एकाच मापाच्या गोळ्या आणि एकाच मापाच्या पुंगळ्या पुरतात, आणि मैदानावरून गोळा केलेल्या पुंगळ्या निवडत बसावे लागत नाही. काउबॉय पद्धतीच्या स्पर्धांत, जेथे एकाच फेरीत रायफल, दोन रिव्हॉल्व्हरे आणि शॉटगन चालवावी लागते, तेथे घाईत चुकीचे काडतूस हाती येण्याची भीतीही कमी होते.

त्यापलीकडे या जोडीला मी अधिक महत्त्व देत नाही. आवडती, चांगली चालणारी रायफल हाताशी असताना केवळ रिव्हॉल्व्हरशी काडतूस जुळत नाही म्हणून ती विकणाऱ्यांना मी आजवर थांबवत आलो आहे.

आधी रायफल ठरवावी की रिव्हॉल्व्हर?

आधी रायफल. या बाबतीत माझे मत पक्के आहे, आणि ते स्वतःच्या चुकीतून झालेले आहे.

माझी पहिली रायफल म्हणजे विंचेस्टर १८७३ ची इटलीत बनलेली .३५७ मॅग्नमची प्रतिकृती. .३५७ च्या शस्त्रात .३८ स्पेशल चालते, हे मला ठाऊक होते, आणि दुकानदारानेही ‘कुठलेही .३८ चालेल’ असे छातीठोकपणे सांगितले. मी नेमबाजीच्या सरावासाठी मिळणारी सपाट तोंडाची काडतुसे घेतली, ज्यांत शिशाची गोळी पुंगळीच्या तोंडाबरोबर आत बसवलेली असते. रिव्हॉल्व्हरमध्ये ती फार सुरेख चालली. रायफलीत मात्र तिसऱ्याच वेळी लिव्हर अर्ध्यात अडली आणि पुढे-मागे काही केल्या हलेना. घरी येऊन दोन्ही बाजूंच्या पट्ट्या उघडल्यावर कारण डोळ्यांपुढे आले. या रायफलीत एक पितळी ठोकळा काडतूस पोटात घेऊन सरळ वर उचलतो आणि नळीच्या तोंडाशी नेऊन धरतो. त्या ठोकळ्याची लांबी एका विशिष्ट लांबीच्या काडतुसासाठी घडवलेली असते. काडतूस आखूड असले की उरलेल्या जागेत मॅगझीनमधल्या (नळीखालच्या, काडतुसे साठवणाऱ्या नळकांड्यातल्या) पुढच्या काडतुसाचे बूड काही मिलिमीटर घुसते, आणि ठोकळा वर जाताना त्यावर अडकतो. काडतूस फार लांब असले तर ते स्वतःच अर्धे मॅगझीनमध्ये राहते आणि तेव्हाही ठोकळा उचलत नाही.

रिव्हॉल्व्हरचे असे नसते. तेथे प्रत्येक काडतूस हाताने सिलिंडरच्या, म्हणजे फिरत्या दंडगोलाच्या, स्वतंत्र घरात घातले जाते, म्हणून आखूड-लांब, गोल-सपाट असा बराच फरक ते सहज सोसते. म्हणून चोखंदळ असलेली रायफल कोणते काडतूस नीट खाते ते आधी शोधावे, आणि मग ते काडतूस ज्या रिव्हॉल्व्हरात चालेल, त्यांतून आपल्या हाताला बसणारे निवडावे.

.३५७ मॅग्नम, .४४ मॅग्नम, .४५ कोल्ट आणि .४४-४० यांपैकी कोणते निवडावे?

पहिलीच जोडी घेत असाल तर .३५७ मॅग्नम. हे काडतूस १९३५ साली आले, अमेरिकेतल्या बहुतेक दुकानांत मिळते, आणि याच शस्त्रांत .३८ स्पेशल वापरता येत असल्यामुळे सराव स्वस्तात व कमी धक्क्यात होतो. दोन्हींच्या गोळीचा व्यास सारखाच. .३८ स्पेशलची पुंगळी १.१५५ इंच लांब आणि .३५७ ची १.२९ इंच, म्हणजे फरक जेमतेम साडेतीन मिलिमीटरांचा. ही जादा लांबी जाणूनबुजून ठेवलेली आहे, कारण त्यामुळे अधिक दाबाचे .३५७ जुन्या .३८ च्या शस्त्रात सहसा बसत नाही. उलट दिशेने मात्र वापर चालतो. .३८ चे बार पुष्कळ झाले की घरांच्या तोंडाशी काजळी आणि शिशाचे कडे जमते आणि मग लांब .३५७ आत नीट बसत नाही, म्हणून त्या दिवशीच घरे ब्रशने साफ करावीत.

.४४ मॅग्नम १९५० च्या दशकाच्या मध्यावर आले. हरणाची शिकार हाच मुख्य हेतू असेल, किंवा अलास्कासारख्या अस्वलांच्या मुलुखात फिरायचे असेल, तर हे योग्य. रायफलीतून ते चालवणे सुखाचे असते. त्याच ताकदीची काडतुसे रिव्हॉल्व्हरमधून चालवणे सर्वांना झेपत नाही, आणि पहिल्या पन्नास बारांतच चाप ओढताना हात आपोआप दचकू लागतो. ही सवय एकदा लागली की मोडायला महिने जातात. .४४ स्पेशल हे १९०७ चे मवाळ काडतूस याच रिव्हॉल्व्हरात चालते. सुरुवात त्याने करावी. मात्र ते आपल्या रायफलीत चालते का, हे वर सांगितलेल्या कारणासाठी आधी तपासावे.

.४५ कोल्ट मला स्वतःला सर्वांत आवडते. सुमारे २५० ग्रेनची जड गोळी मंद गतीने जाते, दाब कमी असतो आणि धक्का टोचत नाही, ढकलतो. त्याचे दोन दोष सांगितले पाहिजेत. सौम्य भरलेल्या काडतुसांत दाब इतका कमी असतो की जाड, सरळ भिंतीची पुंगळी फुगून घराच्या भिंतीला घट्ट चिकटत नाही, आणि धूर व काजळी मागे येऊन रायफलीची आतली यंत्रणा काळी होते. दुसरा दोष म्हणजे तयार काडतुसांची किंमत.

काजळीच्या बाबतीत .४४-४० सर्वांत सरस आहे. त्याची पुंगळी पातळ आणि मानेशी किंचित निमुळती असल्यामुळे थोड्याशा दाबानेही फुगून घर बंद करते, म्हणून काळी दारू वापरणारे आजही ते सोडत नाहीत. पण तीच पातळ मान काडतूस भरताना जरा वाकडे झाले की चुरगळते, आणि जुन्या-नव्या शस्त्रांत नळीचे माप .४२७ पासून .४२९ इंचांपर्यंत बदलते. स्वतः काडतुसे भरण्याचा आणि नळी मोजण्याचा उत्साह असेल त्यानेच या वाटेला जावे.

एक गोष्ट शिकारीच्या दृष्टीने. ओहायो, आयोवा आणि मिशिगनचा दक्षिण भाग येथे हरणाच्या शिकारीसाठी सरळ भिंतींच्या पुंगळीच्या रायफलींना अलीकडच्या वर्षांत वाट मोकळी झाली. .३५७ मॅग्नम, .४४ मॅग्नम आणि .४५ कोल्ट सरळ भिंतींची आहेत, .४४-४० नाही. राज्याच्या त्या हंगामाच्या नियमपुस्तिकेत काडतुसाचे नाव पाहूनच खरेदी करावी.

एकच काडतूस दोन्हींतून सोडले तर फरक किती पडतो?

पुष्कळ, आणि तो काडतुसागणिक वेगळा. .३५७ मॅग्नमची १५८ ग्रेनची गोळी ४ इंची नळीच्या रिव्हॉल्व्हरमधून साधारण १२०० ते १२५० फूट प्रति सेकंद वेगाने निघते आणि १८ इंचांच्या आसपासच्या रायफलीतून सुमारे १८०० ने. ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणून तेच काडतूस रायफलीत दुपटीहून अधिक ऊर्जा देते. .४४ मॅग्नमच्या २४० ग्रेनच्या गोळीचा वेगही साधारण ११८० वरून १७५० च्या घरात जातो. याचे कारण असे की या काडतुसांतली सावकाश जळणारी दारू आखूड नळीत पुरती जळून होत नाही, आणि रिव्हॉल्व्हरमध्ये सिलिंडर व नळी यांच्या मधल्या बारीक फटीतून काही वायू निसटतो, जो रायफलीत गोळीमागेच राहतो. .३८ स्पेशल किंवा साध्या .४५ कोल्टमध्ये दारू थोडी आणि लवकर जळणारी, म्हणून तेथे लांब नळीचा लाभ बराच कमी.

त्या फटीविषयी आणखी एक. रायफल धरताना डावा हात नळीखाली पुढे जातो आणि ती सवय अंगात भिनते. रिव्हॉल्व्हर हाती घेतल्यावर डाव्या हाताचे बोट सिलिंडरच्या पुढच्या कडेजवळ कधीही जाता कामा नये, कारण मॅग्नम काडतुसाचा तेथून निसटणारा वायू बोट फाडू शकतो. दोन्ही शस्त्रे आलटून पालटून चालवणाऱ्यानेच याची सर्वाधिक काळजी घ्यायची असते.

नाव एकच असले म्हणजे एकाच खोक्यातली काडतुसे दोन्हींत निर्धास्त वापरावीत का?

नाही. या सर्व प्रश्नांत हा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

हा धोका नवा नाही. जॉन ब्राउनिंग यांच्या आराखड्यावर बनलेली १८९२ ची विंचेस्टर दोन उभ्या कुलूप-खुंट्यांमुळे १८७३ पेक्षा कितीतरी मजबूत होती, आणि तिच्यासाठी विंचेस्टरने .४४-४० ची अधिक वेगाची काडतुसे काढली. बाहेरून ती नेहमीच्या .४४-४० सारखीच होती आणि जुन्या १८७३ मध्ये किंवा कोल्टमध्ये सहज बसत, पण ती शस्त्रे तेवढा दाब सोसण्यासाठी बनलेली नव्हती.

आज हाच प्रकार .४५ कोल्टमध्ये दिसतो. प्रमाणित .४५ कोल्टचा कमाल दाब १४,००० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच), तर .४४ मॅग्नमचा ३६,०००. .४५ कोल्टची काही जोरकस काडतुसे रुगर ब्लॅकहॉकसारख्या मोठ्या सांगाड्याच्या रिव्हॉल्व्हरसाठी आणि मजबूत आधुनिक रायफलींसाठीच विकली जातात आणि खोक्यावर तसे छापलेले असते. ती कोल्टच्या सिंगल अ‍ॅक्शनमध्ये, तिच्या इटालियन प्रतिकृतींत किंवा २००५ पासून लहान सांगाड्यात येणाऱ्या रुगर न्यू व्हकेरोमध्ये घालू नयेत. आपल्या जोडीत एक शस्त्र मजबूत आणि दुसरे नाजूक असेल, तर घरात केवळ नाजूक शस्त्राला चालणारीच काडतुसे ठेवावीत, असे मी आग्रहाने सांगतो. दोन खोकी, दोन रंगांच्या पट्ट्या, अशी व्यवस्था कागदावर छान दिसते, पण घाईच्या दिवशी ती फसते.

दुसरी बाब गोळीच्या टोकाची. रायफलीच्या नळकांडे मॅगझीनमध्ये काडतुसे एकामागे एक उभी असतात आणि प्रत्येक गोळीचे टोक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरला (बुडाच्या, आघाताने पेटणाऱ्या टोपीला) टेकलेले असते. टणक, अणकुचीदार टोक धक्क्याच्या क्षणी प्रायमरवर आपटले तर मॅगझीनमध्येच स्फोट होऊ शकतो. म्हणून सपाट टोकाच्या किंवा खास नळकांडे मॅगझीनसाठी बनलेल्या मऊ टोकाच्या गोळ्याच घ्याव्यात. त्या रिव्हॉल्व्हरलाही चालतात.

तिसरी बाब स्वतः काडतुसे भरणाऱ्यांसाठी. रिव्हॉल्व्हरच्या धक्क्याने न उडालेल्या काडतुसांतल्या गोळ्या पुढे सरकतात आणि पुरेशा सरकल्या तर सिलिंडर फिरत नाही. रायफलीत मॅगझीनची स्प्रिंग त्याच गोळ्या मागे, पुंगळीत ढकलते, आणि गोळी आत गेली की दाब वाढतो. एकाच काडतुसाला दोन शस्त्रे दोन विरुद्ध दिशांनी छळतात, त्यामुळे पुंगळीचे तोंड गोळीच्या खाचेत घट्ट मुडपलेले असलेच पाहिजे. मी दर शंभरातली चार-पाच काडतुसे गोळीच्या टोकाकडून टेबलाच्या कडेवर दाबून पाहतो आणि आधी-नंतरची लांबी कॅलिपरने मोजतो.

सिंगल अ‍ॅक्शन घ्यावे की डबल अ‍ॅक्शन?

सिंगल अ‍ॅक्शनमध्ये प्रत्येक बारापूर्वी अंगठ्याने घोडा मागे ओढावा लागतो आणि काडतुसे उजव्या बाजूच्या झडपेतून एकेक घालावी लागतात. डबल अ‍ॅक्शनमध्ये नुसता चाप ओढून बार होतो आणि सिलिंडर बाजूला उघडून सर्व पुंगळ्या एकदम निघतात. लिव्हर-अ‍ॅक्शनशी पोशाख आणि काळ जुळवायचा असेल, किंवा सिंगल अ‍ॅक्शन शूटिंग सोसायटीच्या काउबॉय स्पर्धांत उतरायचे असेल, तर पर्याय उरत नाही; नावातच अट आहे. तेथे दोन सिंगल अ‍ॅक्शन रिव्हॉल्व्हरे लागतात, गोळ्या शिशाच्या असाव्या लागतात, आणि लोखंडी लक्ष्ये जवळ असल्यामुळे रिव्हॉल्व्हरचा वेग १००० आणि रायफलीचा १४०० फूट प्रति सेकंदाच्या आत ठेवावा लागतो. म्हणजे .३५७ ची जोडी घेतलेली माणसेही तेथे प्रत्यक्षात .३८ च चालवतात.

घरात एकच रिव्हॉल्व्हर ठेवायचे असेल, तर डबल अ‍ॅक्शन अधिक उपयोगी आहे.

जुन्या कोल्टच्या आणि तशाच बांधणीच्या रिव्हॉल्व्हरात घोडा खाली असताना त्याची सुई प्रायमरला टेकते, म्हणून सहा घरांत पाचच काडतुसे भरून घोडा रिकाम्या घरावर ठेवावा. रुगरने १९७३ पासून मधली सरकपट्टी बसवून हा धोका दूर केला, तरी स्पर्धेत पाचाचाच नियम सर्वांना आहे.

प्रत्यक्षात कोणती रिव्हॉल्व्हरे पाहावीत आणि नळी किती लांब असावी?

सिंगल अ‍ॅक्शनमध्ये रुगर ब्लॅकहॉक सर्वांत दणकट आणि तिची नेम धरण्याची मागची खाच स्क्रूने सरकवता येते, ज्याचा उपयोग एकाहून अधिक प्रकारची काडतुसे वापरणाऱ्याला होतो. .४४ मॅग्नमसाठी सुपर ब्लॅकहॉक पाहावे. न्यू व्हकेरो स्पर्धेसाठी चांगले. उबर्टीसारख्या इटालियन कारखान्यांच्या प्रतिकृती दिसायला आणि हाताला मूळ कोल्टच्या सर्वांत जवळ जातात. डबल अ‍ॅक्शनमध्ये .३५७ साठी रुगर जीपी१०० किंवा स्मिथ अँड वेसन ६८६, आणि .४४ साठी स्मिथ अँड वेसन ६२९ किंवा रुगर रेडहॉक. या सर्वांना मार्लिन १८९४, १८९२ च्या प्रतिकृती किंवा हेन्रीची बिग बॉय यांच्याशी सहज जोडता येते. आजची हेन्री कंपनी १८६० च्या मूळ हेन्री रायफलीच्या कारखान्याची वारस नाही, नावच काय ते समान.

नळी ४ ते ५ इंचांच्या आसपास घ्यावी. लांब पल्ल्याचे काम रायफल करणारच आहे, तेव्हा साडेसात इंची नळी कमरेला बाळगण्यात फारसा अर्थ नाही.

मुठीला मात्र वेळ द्यावा. सिंगल अ‍ॅक्शनची नांगराच्या मुठीसारखी वळलेली मूठ धक्क्यासरशी तळहातात वर फिरते आणि अंगठा आपोआप घोड्यावर येतो; हे ज्याला आवडते त्याला दुसरे काही नको असते. लहान हातांच्या माणसाने .४४ ची मोठी सांगाड्याची रिव्हॉल्व्हरे दुकानात निदान पाच मिनिटे हातात धरून पाहावीत.

माझ्याकडे .३०-३० ची रायफल आहे. तिची जोडी कोणती?

तिला काडतुसाची जोडी शोधू नये. .३०-३० हे रायफलीचेच काडतूस आहे. मॅग्नम रिसर्च कंपनी बीएफआर नावाचे .३०-३० चे प्रचंड रिव्हॉल्व्हर बनवते हे खरे, पण ते कमरेला लावून फिरण्याचे शस्त्र नव्हे. विंचेस्टर १८९४ किंवा मार्लिन ३३६ हाताशी असेल तर ती ठेवावी आणि .३५७ चे रिव्हॉल्व्हर स्वतंत्र म्हणून घ्यावे.

घरातल्या मुलांना किंवा नवशिक्यांना शिकवण्यासाठी कोणती जोडी?

.२२ एलआर, दुसरा विचार न करता. हेन्रीची किंवा ब्राउनिंगची .२२ ची लिव्हर-अ‍ॅक्शन आणि रुगरचे सिंगल-सिक्स किंवा रँग्लर. धक्का नाही, आवाज कमी, आणि एका सकाळी दोनशे बार केले तरी खिशाला जाणवत नाही.

आपल्या लोकांनी कायद्याच्या बाबतीत काय पाहावे?

अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार एच-१बी किंवा एफ-१ अशा बिगर-स्थलांतरित व्हिसावर आलेल्या व्यक्तीला बंदूक आणि काडतूस बाळगण्यास सामान्यतः मनाई आहे. राज्याचा वैध शिकार परवाना हा एक महत्त्वाचा अपवाद आहे. मैदानावर भाड्याने घेतलेले शस्त्र हातात धरणे हेही बाळगण्यातच येते, आणि ही गोष्ट मित्रांबरोबर सहज म्हणून गेलेल्या आपल्या अनेक मुलांना माहीत नसते. ग्रीन कार्डधारकाला खरेदी करता येते. परवानाधारक दुकानातून रिव्हॉल्व्हरसाठी वयाची अट २१ आणि रायफलीसाठी १८. राज्यांचे नियम याहून कडक असू शकतात. स्वतःच्या व्हिसाविषयी शंका असेल तर दुकानदाराला नव्हे, वकिलाला विचारावे.

भारतात अशी जोडी जमवण्याची कल्पना व्यवहार्य नाही. तेथे परवान्यावर सहज मिळणारे .३२ चे रिव्हॉल्व्हर आणि .३१५ ची रायफल यांची काडतुसे पूर्णपणे वेगळी आहेत, २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला दोनच शस्त्रे ठेवता येतात, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकारीचा प्रश्न उरत नाही. पण सुट्टीत घरी जाताना एक काळजी अवश्य घ्यावी. मैदानावर नेलेली पिशवी प्रवासाला वापरू नये. तिच्या शिवणीत किंवा बाजूच्या खिशात राहिलेले एखादे काडतूस, अगदी रिकामी पुंगळीसुद्धा, मुंबईच्या विमानतळावर शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवण्यास कारण ठरू शकते.

जोडी घरी आल्यावर पहिल्या दिवशी काय तपासावे?

दोन्ही शस्त्रे रिकामी असल्याची डोळ्यांनी आणि बोटाने खात्री करून, खरी काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवून, दारू व प्रायमर नसलेली सरावाची काडतुसे घ्यावीत. ती ज्या खऱ्या काडतुसांचा वापर होणार, त्यांच्याच लांबीची आणि टोकाची असावीत. रायफलीत दहा भरून लिव्हर आधी सावकाश आणि मग वेगाने चालवावी, कारण काही रायफली एका गतीला नीट चालतात आणि दुसऱ्या गतीला अडतात. रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा हळू मागे ओढताना प्रत्येक घर नळीसमोर येऊन पक्के बसते का, आणि काडतुसे भरलेली असताना सिलिंडर कोठे घासतो का, ते सहाही घरांसाठी पाहावे.

त्यानंतर मैदानावर, एकाच खोक्यातली काडतुसे, रिव्हॉल्व्हरमधून २५ यार्डांवर आणि रायफलीतून ५० यार्डांवर, टेकू देऊन पाच-पाच बार. काडतूस एक असले तरी दोन्ही शस्त्रांना तीच गोळी आवडेल असे नसते. माझ्या .४५ कोल्टच्या जोडीत रायफलीला २०० ग्रेनची गोळी मानवत नव्हती आणि रिव्हॉल्व्हरला तीच सर्वांत प्रिय होती. शेवटी २५० ग्रेनच्या सपाट टोकाच्या शिशाच्या गोळीवर दोघांचे एकमत झाले, आणि त्याला तीन शनिवार लागले.

खरी काडतुसे पहिल्यांदा भरताना रायफलीत दोनच भरावीत. दुसरे काडतूस नळीत नीट गेले आणि पहिल्याची पुंगळी स्वच्छ बाहेर पडली, की मगच पुढची भरावीत.